अवर्षणात तग धरणारे गाव : शाश्वत कृषिरचना आणि पाण्याची वाटणी

सह्याद्रीच्या पूर्वेस पुरंदर, माण, खटावपासून अहिल्यानगर व बीडपर्यंत पसरलेल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात अवर्षण हा अपवाद नव्हे. १९७२, २०१२, २०१५ व २०१८ ही वर्षे अनेकांच्या स्मरणात आहेत. अशी वर्षे यापुढेही येणार आहेत. असे असता आपली पिकांची आखणी मात्र बहुधा चांगल्या वर्षाचा पाऊस गृहीत धरून केली जाते आणि वाईट वर्ष आले म्हणजे सारा गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतो.

एकाच तालुक्यातील, सारखाच पाऊस पडलेल्या दोन शेजारच्या गावांपैकी एकात फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतो आणि दुसऱ्यातील विहिरींना मे अखेरपर्यंत पाणी राहते, हे गावपातळीवर काम करणाऱ्या पुष्कळांनी पाहिलेले असेल. याचे काही कारण भूगर्भातील खडकात असते. परंतु मोठे कारण गावाने पाणी कसे अडविले आणि अडविलेले पाणी कोणी व किती वापरले, यात असते. यांपैकी पहिल्या गोष्टीचा प्रचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. दुसरीविषयी त्या मानाने फार थोडे बोलले जाते. प्रस्तुत लेखात दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

शाश्वत कृषिरचना म्हणजे काय

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे. तेथील बिल मॉलिसन व त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध करून ‘पर्माकल्चर’ ही विचारपद्धती मांडली. कायम टिकणारी शेती, असा या जोडशब्दाचा मूळ अर्थ. आपण तीस शाश्वत कृषिरचना म्हणू. अरण्याला कोणी नांगरीत नाही, खत घालीत नाही, तरी ते वर्षानुवर्षे हिरवे राहते. कारण तेथे एकाची टाकाऊ वस्तू दुसऱ्याचे अन्न होते आणि पडलेले पाणी पालापाचोळ्यातून सावकाश जमिनीत मुरते. शेत, घर, गोठा, झाडे व पाणी यांची मांडणी अरण्याचा हा गुण डोळ्यांपुढे ठेवून करावी, असे या पद्धतीचे सांगणे आहे. पुढे २००२ साली होल्मग्रेन यांनी तिची बारा तत्त्वे ग्रथित केली. काम आरंभण्यापूर्वी निरीक्षण करावे, मिळेल ते साठवावे, काही वाया जाऊ देऊ नये, एकावर विसंबण्यापेक्षा अनेकांवर विसंबावे, उपाय लहान व सावकाश असावेत, ही त्यांतील काही.

हे ऐकून आपल्याकडील जाणता शेतकरी म्हणेल, की यात नवे ते काय? आमचे आजोबा बाजरीत तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरीत असत. गोठ्यातील शेण उकिरड्यात आणि उकिरड्यातील खत शेतात जात असे. हा आक्षेप बराचसा खरा आहे. नवे आहे ते इतकेच, की सुट्या सुट्या चालीरीतींची येथे जाणीवपूर्वक सांगड घातलेली आहे आणि तिच्या मुळाशी तीन कर्तव्ये स्पष्ट शब्दांत सांगितलेली आहेत : भूमीची निगा, माणसांची निगा, आणि स्वतःच्या वाट्यास मर्यादा घालून उरलेले इतरांसाठी सोडणे. पहिल्या दोहोंस कोणाचाही विरोध नसतो. गाव टिकते की मोडते हे ठरते ते तिसऱ्यावर.

शिवाराचे वाचन

आधी निरीक्षणाविषयी. नकाशा व समपातळी रेषा यांचे महत्त्व आहेच. परंतु मृगाच्या पहिल्या दमदार पावसात इरले किंवा घोंगडी घेऊन जो शिवारातून फिरतो, त्यास जे दिसते ते नकाशात दिसत नाही. पाणी डोंगरावरून कोठे उतरते, कोणत्या बांधास ते फोडते, कोठे ते स्वच्छ वाहते आणि कोठून गढूळ होऊ लागते, याची नोंद त्याच वेळी करावी. जेथे पाणी गढूळ होते तेथून माती जाते, आणि तेथूनच कामाची आवश्यकता सुरू होते.

कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे असावा. माथ्यावर सलग समतल चर काढावेत, चरांच्या भरावावर गवताचे बी टाकावे व झाडे लावावीत. मधल्या उतारावर ताली व बांधबंदिस्ती करावी. ओघळींत सुट्या दगडांचे लहान बांध घालावेत. आणि सर्वांत शेवटी नाल्यावर मातीचा किंवा सिमेंटचा बंधारा बांधावा. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा झालेला दिसतो. बंधारा डोळ्यांत भरतो, त्याचे उद्घाटन करता येते. चर कोणाच्या नजरेस पडत नाहीत. परंतु माथा उघडा ठेवून पायथ्याशी बांधलेला बंधारा थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरून जातो.

घराभोवतीच्या मांडणीत एक साधा नियम पाळावा. ज्याकडे दिवसातून अनेकदा लक्ष द्यावे लागते ते घराशेजारी, ज्याकडे आठवड्याने जावे लागते ते त्यापलीकडे, आणि जे हंगामातून एक-दोनदाच पाहावयाचे ते सर्वांत दूर. यानुसार परसबाग, कोंबड्यांचे खुराडे व खतखड्डा हे घराजवळ येतात, फळझाडे त्यापुढे आणि वैरणीचे गवत व सरपणाची झाडे कडेला. मोरीचे पाणी अळू, केळ, पपई यांना द्यावे. घराच्या २५ चौरस मीटर पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेबारा हजार लिटर पाणी त्यावरून वाहून जाते. त्यातील निम्मे जरी टाकीत राहिले, तरी उन्हाळ्यात घरातील स्त्रीच्या डोक्यावरील हंड्यांच्या कितीतरी खेपा वाचतात.

शेतातील पिकांविषयी अधिक विस्तार करण्याचे कारण नाही. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ ही शिफारस जुनी व कसोटीस उतरलेली आहे; पाऊस लवकर संपल्यास बाजरी हाती लागते, उशिरा आल्यास तूर. बियाण्याच्या बाबतीत मात्र आपण फार परावलंबी झालो आहोत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे जतन करून बीज बँक उभी केली व त्यांना २०२० साली पद्मश्री हा बहुमान मिळाला. प्रत्येक गावात असे कार्य होणे कठीण. पण ज्वारीची चांगली कणसे उभ्या पिकातून निवडून, वाळवून, राख व कडुनिंबाचा पाला घालून ठेवणे कोणत्याही घरास अवघड नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. शाश्वत कृषिरचनेच्या परदेशी पुस्तकांत पिकांचा काड जमिनीवर पसरून ती झाकावी, असे जागोजागी लिहिलेले असते. आपल्या कोरडवाहू भागात कडबा हे जनावरांचे अन्न आहे. तो मातीवर पसरून बैल उपाशी ठेवण्यात शहाणपण नाही. जमीन झाकावयाची तर बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला कापून पसरावा, तुरीच्या काटक्या व तण वापरावेत. तत्त्व तेच, साधन आपल्या गावचे.

पाण्याचा ताळेबंद

आता मुख्य विषयाकडे येऊ. पाणी वाटावयाचे तर प्रथम ते किती आहे हे ठाऊक असावयास हवे. यासाठी लागणारे गणित चौथीतील मुलासही येईल इतके सोपे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लाख लिटर. एवढे एक परिमाण पाठ करावे.

उदाहरणादाखल एक कल्पित गाव घेऊ. क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ४५० मिलिमीटर, म्हणजे ४५ सेंटिमीटर. पडलेले एकूण पाणी ४५० कोटी लिटर. आकडा मोठा दिसतो. परंतु यातील बराच भाग उडून जातो, काही वाहून जातो, काही जमिनीच्या ओलाव्याच्या रूपाने पिकांच्या कामी येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहिरींपर्यंत मुरणारा भाग ठिकठिकाणी कमीअधिक असतो. हिशेबासाठी तो दहा टक्के धरू. म्हणजे विहिरींच्या वाट्यास आले ४५ कोटी लिटर.

गावात १,५०० माणसे आहेत. दरडोई दररोज ५५ लिटरप्रमाणे त्यांस वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागतील. ९०० मोठ्या जनावरांना दररोज ६० लिटरप्रमाणे आणखी २ कोटी. हे ५ कोटी सर्वांआधी बाजूस काढावेत. उरलेल्या ४० कोटींपैकी १० कोटी पुढील वर्षी पाऊस लांबला तर असावेत म्हणून जमिनीतच ठेवू. शेतीस राहिले ३० कोटी लिटर.

उसास पावसाव्यतिरिक्त सुमारे २०० सेंटिमीटर पाणी द्यावे लागते असे धरले, तर एका हेक्टरास २ कोटी लिटर झाले. म्हणजे साऱ्या गावाचे पाणी अवघ्या १५ हेक्टर उसात संपले. तेच पाणी रब्बी ज्वारीस सात-सात सेंटिमीटरच्या तीन पाळ्या देण्यास वापरले, तर १४० हेक्टरांहून अधिक क्षेत्र भिजते. माणशी हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्यास २ लाख लिटर येतात. पाच माणसांच्या कुटुंबास एक एकराहून थोड्या अधिक ज्वारीस तीन पाळ्या मिळतात. धान्य घरचे, कडबा घरचा. ज्यांची विहीर खोल आणि पंप मोठा अशा मोजक्या शेतकऱ्यांनी ऊस लावला, तर बाकीच्या कुटुंबांना काय उरते, हे या आकड्यांवरून वेगळे सांगावयास नको.

ग्रामसभेत ऊस चांगला की वाईट असा वाद उपस्थित करू नये. तो संपत नाही. फळ्यावर हे आकडे मांडावेत.

वाटणीचे तीन दाखले

मर्यादा घालून वाटणी करणे हे बोलावयास गोड व आचरावयास अशक्य, असे काहींचे मत असते. महाराष्ट्रातच हे घडलेले आहे.

पहिला दाखला जुना आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धती शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा चार भाग, म्हणजे फड. एका फडात एकच पीक घ्यावयाचे व फडांत पिकांची फेरपालट करावयाची. पाणी देण्यास पाटकरी, देखरेखीस हवालदार, राखणीस जागल्या; त्यांचा मेहनताना गावकऱ्यांनीच द्यावयाचा. या व्यवस्थेतील खरी मेख अशी, की एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. पाणी कमी असलेल्या वर्षी सर्वानुमते एखादा फड पडीक ठेवला, तर त्याची झळ कोणा एकास न बसता थोडीथोडी सर्वांस बसे. टंचाई वाटून घेण्याची इतकी सुटसुटीत योजना कोणा अभियंत्यास कागदावर सुचली असती, असे वाटत नाही. पुढे नद्यांवर वरच्या अंगास धरणे झाली, खासगी विहिरी वाढल्या, बारमाही पिके आली आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. काही मात्र टिकून राहिले.

दुसरा दाखला पुरंदर तालुक्यातील नायगावचा. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथील देवस्थानाची सुमारे १६ हेक्टर पडीक जमीन खंडाने घेतली. उतारावर बांधबंदिस्ती, पायथ्याशी पाझर तलाव, त्याच्या खालच्या अंगास विहीर, अशी मांडणी त्यांनी केली. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले व या प्रयोगातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम नीट वाचण्यासारखे आहेत. योजना एकट्यासाठी नव्हे, गटासाठीच. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्ध्या एकरास पुरेल एवढे आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. ऊस व तत्सम बारमाही पिकांस बंदी. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा.

शंभर एकरांचा धनी आणि दोन एकरांचा धनी यांच्या घरी माणसे सारखी असली तर पाणीही सारखे, हे ऐकताच प्रथम कपाळास आठ्या पडतात. परंतु पाऊस कोणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही. तो डोंगरावर, गायरानावर, रस्त्यावर, सर्वत्र पडतो आणि जमिनीखालून वाहत विहिरीस मिळतो. विहिरीचा खड्डा ज्याचा त्याचा. त्यातील पाणी साऱ्या शिवाराचे. चळवळीतील सर्व योजना आजवर टिकल्या असे नाही. तरी तिने घालून दिलेला माणशी वाटणीचा नियम विचारात घेतल्याखेरीज या विषयाचा अभ्यास पुरा होत नाही.

तिसरा दाखला अहिल्यानगर तालुक्यातील हिवरे बाजारचा. पोपटराव पवार हे १९८९ साली तेथे सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून तेथे डोंगरावर चर, नालाबांध, वृक्षलागवड अशी कामे झाली. गावाची कीर्ती आपण सर्व जाणतो आणि तेथील हिरवा डोंगर पाहून परत येतो. डोंगराइतकेच पाहण्यासारखे आहेत ते तेथील निर्बंध. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांबरोबर शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी. ऊस व केळी यांना फाटा. आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून, त्याप्रमाणे पिके ठरविण्याची रीत. पाऊस कमी तर पिण्याचे पाणी आधी, रब्बीचे क्षेत्र कमी.

अडचणी

ज्याची विहीर त्याचे पाणी ही समजूत घट्ट आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ अन्वये ६० मीटर वा त्याहून खोल विहिरी शेतीसाठी घेण्यास प्रतिबंध आहे. परंतु रात्री येणाऱ्या बोअरच्या गाडीस अडविण्याचे सामर्थ्य कायद्यापेक्षा गावाच्या एकमतात अधिक असते, हे सांगण्यास संकोच करू नये.

शेततळ्याविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. वाहून जाणारे पावसाचे पाणी साठविण्यासाठी शेततळे हे उत्तम साधन आहे. मात्र काही ठिकाणी विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी उपसून ते तळ्यात भरतात व खाली कागद अंथरून साठवितात. उन्हाळ्यात दिवसाकाठी सात-आठ मिलिमीटर पाणी उन्हाने उडून जाते. तीस मीटर लांब व तेवढ्याच रुंद तळ्यातून आठ मिलिमीटर म्हणजे रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. जमिनीखाली सावलीत असलेले, सर्वांचे असलेले पाणी वर आणून एकट्याच्या नावे वाळत घालण्याचा हा प्रकार होय.

प्रारंभ कसा करावा

ज्या कार्यकर्त्यास या कामाचा आरंभ करावयाचा असेल त्याने पहिल्या वर्षी कोणताही निर्बंध सुचवू नये. पर्जन्यमापक बसवावा, त्याचा रोजचा आकडा शाळेतील मुलांकडून चावडीच्या फळ्यावर लिहवून घ्यावा. शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतील मिळून आठ-दहा विहिरी निवडाव्यात आणि दोरीस गाठी मारून त्यांची पाणीपातळी दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी, पंप सुरू होण्यापूर्वी, सकाळी मोजावी. विहीर निवडताना मोठ्या बागाइतदाराची एक तरी अवश्य घ्यावी, म्हणजे आकड्यांवर पुढे शंका घेतली जाणार नाही.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रब्बीच्या पेरणीचे निर्णय पक्के होण्याआधी ग्रामसभा घ्यावी. स्त्रियांना आग्रहाने बोलवावे. पाणी आणावयाचे काम त्यांच्याकडे असल्यामुळे टंचाईचे महिने त्यांना अचूक ठाऊक असतात. ताळेबंद मांडल्यावर पिण्याच्या पाण्याचे आरक्षण हा पहिला व एकमेव ठराव करावा. विहिरींतील पाणी अमुक गाठीखाली गेले की शेतीचा उपसा थांबवावयाचा, असे त्याचे स्वरूप असावे आणि ती गाठ ग्रामसभेनेच ठरवावी. हा एक ठराव उन्हाळाभर पाळला गेला, तर तिसऱ्या वर्षी पिकांच्या निवडीचा प्रश्न घेता येतो. पाळला गेला नाही, तर तो पुन्हा एक वर्ष तसाच चालवावा. नवा ठराव त्यावर रचू नये. दोन्ही वर्षांची वही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात उघडी ठेवावी आणि पुढील ऑक्टोबरच्या सभेचा आरंभ तिच्यातील आकडे मोठ्याने वाचून करावा.